माझ्या हातचा कंडेन्सर

बारामतीत आम्ही राहायचो ते स्टेशनच्या अलीकडे, कालव्याच्या चारीला लागून. पुढं मोटारीची पत्र्याची शेड आणि मागं दोन खोल्या. आल्यागेल्याला आधी मोटार दिसायची आणि मग माणसं. तात्या म्हणजे माझे वडील बारामती-इंदापूर सर्व्हिस चालवत. त्या काळी प्रवाशांच्या मोटारीला लोक सर्व्हिसच म्हणत. दौंडहून येणारी छोटी आगगाडी शिट्टी द्यायची तेव्हा आईचा चहा झालेला असायचा, आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाण्याची बादली घेऊन मोटार धूत असायचा. घरात पेट्रोलचा वास कायम. भाकरीच्या पिठाला तो लागतो असं आई म्हणायची आणि पिठाचा डबा शेडच्या उलट्या बाजूच्या कोपऱ्यात ठेवायची. तिला मोटार आवडत नव्हती. तिचं माहेर बागायतदाराचं, वांगी-मिरच्या बाजारला पाठवणारं. जमिनीत पाय रोवून असणारी माणसं तिला खरी वाटत. रस्त्यावर पोट असलेल्या माणसाचं काही खरं नाही, असं ती तात्यांच्या समोरच म्हणायची आणि तात्या हसून भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे.

जेवण साधं असायचं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, दाण्याची चटणी. गुऱ्हाळं सुरू झाली की कालव्याकडच्या एखाद्या मळ्यातून काकवीचा तांब्या यायचा. भाड्याऐवजी कुणी काही आणून दिलं तर तात्या नाही म्हणत नसत. एकदा भिगवणच्या कोळ्यानं भीमेतले ताजे मासे ओल्या पोत्यात बांधून दिले होते. आईनं ते घरात घेतले नाहीत, शेजारी देऊन टाकले, आणि पोतं ठेवलेली मोटारीची फळी तिनं राखेनं दोनदा घासली. आता भिगवणच्या पुलावरून जाताना धरणाचं पाणी क्षितिजापर्यंत दिसतं, नातवंडं खिडकीला नाक लावून पक्षी मोजतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या पाण्याखाली गेलेला रस्ताच येतो. पांढरी माती, दोन्ही बाजूंना बाभळी आणि समोर थरथरणारं ऊन.

चौथीनंतर मला शाळेतून काढलं. लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती, पण कुठं जमत नव्हतं. मी घरात आईच्या हाताखाली आणि शेडमध्ये तात्यांच्या हाताखाली अशी दोन्हीकडं असायची. माझी बोटं बारीक आणि चपळ. शेवया वळताना आईच्या दोन होईपर्यंत माझ्या तीन व्हायच्या. दादाचे हात मोठे, त्याला बारीक काम जमत नसे. स्क्रू हातातून निसटून इंजिनात पडायचा आणि मग तो शिव्या घालत बसायचा. म्हणून मोटारीतलं नाजूक काम हळूहळू माझ्याकडं आलं. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण ते कुणाला दिसतच नव्हतं.

कंडेन्सर म्हणजे काय ते आता सांगावं लागतं, म्हणून सांगते. मोटारीच्या इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. त्यासाठी धातूचे दोन बारीक ठिपके सारखे एकमेकांना चिकटतात आणि सुटतात. त्यांना पॉइंट म्हणायचे. सुटताना वीज तिथंच उडून वाया जाऊ नये म्हणून शेजारी अंगठ्याएवढी पत्र्याची एक डबी बसवलेली असते. ती म्हणजे कंडेन्सर. तो बिघडला की पॉइंट जळून काळे होतात, मोटार खोकते, फटाफट बार काढते आणि बंद पडते. आणि त्याचा खोडसाळपणा असा, की थंड असताना तो पुष्कळदा नीट चालतो आणि तापल्यावर दगा देतो. त्यामुळं दोष कशात आहे ते लवकर कळत नाही.

तात्यांना कळायचं. गावात तेव्हा मोजक्या मोटारी होत्या, वकिलांच्या, डॉक्टरांच्या, कालव्याच्या साहेबांच्या. अडली की ती मोटार आमच्या शेडपुढं यायची. तात्या आमच्या मोटारीचा कंडेन्सर काढून तिला लावून बघायचे. चालली, तर दोष सापडला. मापाचा आहे का, कुठल्या कंपनीचा आहे, हे ते बघत नसत. कुठल्याही गाडीचा कंडेन्सर कुठल्याही गाडीला चालतो असं ते म्हणत. जागेवर बसत नसेल तर तारेनं बांधायचा, डबीचा पत्रा इंजिनाच्या लोखंडाला घट्ट टेकला आणि वरची वायर पॉइंटला लागली की झालं. असं बांधून दिलेल्या मोटारी पुण्यापर्यंत गेल्याचं मला माहीत आहे. नवा कंडेन्सर पुण्याहून मागवावा लागे, त्याला वेळ लागे, म्हणून तात्या एक जादा जवळ ठेवत आणि नेहमी तोही कुणाला तरी देऊन मोकळे होत.

एक मेलेला कंडेन्सर त्यांनी एकदा मला फोडून दाखवला. आत विड्यासारखी घट्ट गुंडाळी होती. रुपेरी कागदाच्या दोन पट्ट्या आणि मधे मेणात भिजवलेला पातळ कागद, जेणेकरून एक रुपेरी पट्टी दुसरीला कुठंही शिवू नये. मी ती सगळी उलगडली आणि म्हटलं, हे तर मला वळता येईल. तात्यांना गंमत वाटली. चहाच्या खोक्याच्या अस्तराची चांदी त्यांनी आणून दिली, पतंगाचा कागद स्वतः मेणात बुडवून तयार करून दिला, आणि मी तो कापून, थर लावून, शेवईला लावतात तसा हलका ताण लावून वळला. डबीत बसवून वर लाखेनं बंद केला. तात्यांनी चालू मोटारीची वीज त्याला पाजली आणि मग डबीला वायर टेकवली. ताडकन निळी ठिणगी उडाली. त्यांनी आईला हाक मारून पुन्हा करून दाखवलं. आई दारातूनच बघून आत गेली. मी विचारलं, आपल्या मोटारीला लावायचा का. तात्या म्हणाले, "शेडमधी ठीक हाय, कमळ. सर्व्हिसला न्हाय. लोकाची माणसं बसत्यात."

त्यांचं बरोबर होतं. पण मला ते लागलं. मला पाहायला आलेल्या दोन ठिकाणांहून नकार आलेला होता, तोंडावर कुणी काही बोलत नसलं तरी घरात ते होतंच. मला कुठंतरी खरं ठरायचं होतं. ते दोन दिवस माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी तात्या आणि दादा बाहेर असताना मी दुसरा कंडेन्सर केला. या वेळी सगळं माझं मीच. घरातली मेणबत्ती वितळवली, कागद त्यात बुडवला, वळला, आणि आमच्याच मोटारीच्या जुन्या मेलेल्या कंडेन्सरच्या डबीत घातला. म्हणजे बाहेरून पाहिलं तर तो विकतचाच दिसावा. पुढच्या सुटीच्या दुपारी तात्या जेवून आडवे झाले होते, तेव्हा मी शेडमध्ये जाऊन मोटारीतला नवा, चांगला कंडेन्सर काढला आणि तिथं माझा बसवला. एक स्क्रू आणि एक वायर, एवढंच काम. काढलेला चांगला कंडेन्सर मी माझ्या कापडी पिशवीत, रिळांच्या खाली ठेवला.

मोटार चालली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी चालली. संध्याकाळी तात्या परतले की मी दारात उभी राहून तिचा आवाज ऐकायची. एकसारखा, सलग आवाज. असे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत मी जितकी सुखी होते तितकी आयुष्यात फार थोड्या वेळा झाले असेन, हे आज लिहितानाही मला लपवावंसं वाटत नाही. मी ठरवलं होतं, मावशीकडं इंदापूरला कुरडया करायला जायचं आहे, तेव्हा मोटारीतूनच जाऊ, आणि तिथं उतरल्यावर पिशवीतला कंडेन्सर काढून तात्यांच्या हातावर ठेवू. म्हणू, हा तुमचा. मोटार माझ्या कंडेन्सरवर चाललीय.

निघालो तो दिवस चैत्रातला. सकाळपासूनच वारा पडलेला. मला पुढं, तात्या आणि दादाच्या मधे बसवलं होतं. मागं बाकांवर माणसं दाटलेली. एक नवं लग्न झालेलं जोडपं, तंबाखूचे व्यापारी, कोंबडी मांडीवर घेतलेली एक म्हातारी. भिगवणला मोठ्या आगगाडीचे उतारू घेतले आणि सोलापूर रस्त्याला लागलो. पळसदेव मागं पडलं आणि मोटार एकदा खोकली.

पहिल्या खोकल्याला मला कळलं. तात्यांना कळायच्या आधी. त्यांनी पेट्रोल बघितलं, झाकण उघडून इंजिनावर ओलं फडकं टाकलं, माणसांना बाभळीखाली बसवलं. थोड्या वेळानं पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून फिरवल्यावर मोटार सुरू झाली. मैलभर गेली आणि पुन्हा बंद पडली. या वेळी तात्यांनी टोपण काढून पॉइंट बघितले. ते काळे पडले होते. त्यांनी कानशीनं घासले आणि दादाला म्हणाले, "कंडेन्सर तापतोय. पण ह्यो तर नवा हाय, दीड महिना न्हाय झाला." मग हत्यारांच्या पेटीकडं बघत म्हणाले, "जादाचा परवाच दिऊन बसलो."

मी हे ऐकलं. पिशवी माझ्या मांडीवर होती. रिळांच्या खाली ती डबी बोटांना लागत होती. तेव्हा सांगायला काय हरकत होती, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. मागं माणसं बसली होती, ती काय म्हणतील. दादा काय म्हणेल. माझा कंडेन्सर खोटा ठरला, हे त्या सगळ्यांपुढं माझ्याच तोंडानं सांगायचं. मी मनाशी सौदा केला. आता एकदा सुरू होऊन इंदापूरला पोचली, तर मावशीकडं कुणी नसताना गुपचूप बदलून टाकायचा आणि पुन्हा असलं कधी करायचं नाही. मोटार सुरू झाली. आणखी थोडी गेली. वरकुट्याचा फाटा दिसायला लागला आणि ती तिसऱ्यांदा थांबली.

तात्या घामानं निथळत होते. खाली उतरून ते मोटारीच्या पुढं गेले. दादा वळसा घालून चालकाच्या जागेवर येऊन बसला. हँडल मारणाऱ्याला मोटार उलटा झटका देऊ शकते. तो बसू नये म्हणून स्टेअरिंगजवळची एक छोटी दांडी आधी वर करून ठेवायची असते. हे मलाही माहीत होतं. मी त्या वेळी दांडीकडं बघत नव्हते. तात्या वाकले, एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं. पुढं आलेला त्यांचा चेहरा उन्हानं काळवंडलेला मला काचेतून दिसला आणि माझा धीर सुटला. मी "तात्या" म्हणून हाक मारली. त्याच क्षणी हँडल उलटं फिरलं.

आवाज मोठा झाला नाही. ओली काटकी मोडावी तसा. तात्या ओरडलेही नाहीत. ते मागं सरले आणि रस्त्याच्या मातीत गुडघ्यावर बसले, उजव्या हाताचं मनगट डाव्या हातात धरून. हाड कातड्याबाहेर आलं होतं आणि हात मातीत टेकला होता. म्हातारीची कोंबडी सुटून मोटारीखाली गेली. लोक उतरले, कुणी पाणी आणलं, कुणी फेटा फाडला. मी पिशवीतला कंडेन्सर काढून दादापुढं धरला. दादानं आधी त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. त्यानं तो घेतला, आपल्या मोठ्या हातांनी माझा काढला आणि तो बसवला. तो हँडलकडं निघाला तेव्हा तात्या खालून, शांत आवाजात म्हणाले, "आदी दांडी वर कर. मग मार." दादा परत जाऊन दांडी वर करून आला. पहिल्याच फेरीला मोटार सुरू झाली.

वरकुट्यात ज्ञानू आबा म्हणून हाडं बसवणारे होते. साठीच्या पुढचे, अंगानं वाळलेले, मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन बाळगून असलेले. माणसाचं, बैलाचं, कुणाचंही हाड मोडलं की आसपासच्या गावांतून लोक त्यांच्याकडं यायचे आणि ते कुणाकडून काही घेत नसत. त्यांनी पाणी उकळायला लावलं, जखम धुतली, बोटांनी चाचपून हाड आत बसवलं. तात्यांच्या तोंडात फडक्याचा बोळा होता. कळकाच्या पट्ट्या लावून हात बांधताना आबा म्हणाले, "हाड मी बसिवलं. ते सरळ येईल. पर कातडं फाटलंय, आत माती गेलीया. ही जखम दवाखान्याची हाय, माझी न्हवं. आजच्या आज दाखवा." हे मी ऐकलं, दादानं ऐकलं, तात्यांनी ऐकलं. तात्या म्हणाले, आधी माणसं इंदापूरला पोचवू. पोचवली. नंतर ते म्हणाले, आता ठणका कमी झालाय, घरीच जाऊ. मोटार दादानं चालवली. मावशीकडं मी गेलेच नाही.

घरी आईनं मोटारीला शिव्या दिल्या आणि तात्यांना हळदीचं दूध दिलं. पुढचे आठ दिवस आमच्या घरातले चांगले दिवस होते, असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटेल. तात्या दिवसभर घरी, हे कधी घडलेलंच नव्हतं. त्यांना डाव्या हातानं जेवता येईना, मग आई भाकरी दुधात कुस्करून देई. दादा सर्व्हिस घेऊन जाई. माझ्याशी तो बोलत नव्हता, पण त्यानं कुणाला काही सांगितलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आई चारीवर धुणं घेऊन गेली असताना तात्यांनी मला जवळ बोलावलं आणि तो कंडेन्सर आण म्हणाले. मी आणला. रडायला लागले तर ते म्हणाले, रडायचं मागनं, आधी हे बघ. त्यांनी डाव्या हातानं आणि मी दोन्ही हातांनी, अशी ती गुंडाळी आम्ही उलगडली. आतल्या कागदावर मोहरीएवढा काळा ठिपका होता. त्याच्या मधोमध भोक.

"हितं वीज फुटून गेली," ते म्हणाले. "कागद वाळिवला न्हवतास."

"पतंगाचा कोराच होता," मी म्हटलं.

"कोऱ्या कागदातबी हवेची ओल असती. मेणात घालायच्या आदी तव्यावर शेकायचा. न्हाईतर ओल आतच ऱ्हाती, आन तापली की दगा देती. तवा सांगायचं मीच विसरलो."

त्यांनी माझ्याकडून चुलीवर तवा ठेवून कागद शेकून घेतला, मेणात घालून घेतला, आणि मला तिसरा कंडेन्सर वळायला लावला. जिथं मी घाई केली तिथं थांबवलं. झाल्यावर म्हणाले, ह्यो चांगला झालाय. मी त्यांना विचारलं की आईला कधी सांगायचं. त्यांनी मान हलवली. "तिला ह्यातलं काय सांगू नगंस. आदीच तिचा मोटारीवर राग हाय." तेव्हा त्यात एवढंच होतं. हात बरा होईल, बोलणी कशाला खायची, एवढंच.

नवव्या दिवशी जेवताना तात्या म्हणाले, जबडा धरल्यासारखा झालाय. आईला वाटलं वारा लागला असेल, तिनं गरम मीठ फडक्यात बांधून शेकलं. दुपारी त्यांना तोंड उघडता येईना. दादा सर्व्हिस अर्ध्यात सोडून आला आणि डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी पट्टी सोडली, जखमेचा वास घेतला आणि दादाला बाहेर नेलं. धनुर्वात. त्यावरचं औषध पुण्यात आहे, पण आता उशीर झालाय, असं ते म्हणाले. पुढचे तीन दिवस मी थोडक्यात सांगते, कारण विस्तारानं सांगवत नाही. त्यांची पाठ कमानीसारखी वळायची. भांडं वाजलं, दार वाजलं की झटका यायचा. आईनं घरातली सगळी भांडी गोधडीवर मांडली. स्टेशनवरच्या गाडीची शिट्टी मात्र कुणाला थांबवता येईना. ती झाली की आम्ही तिघंही त्यांच्याकडं बघायचो. शुद्ध त्यांना शेवटपर्यंत होती. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले.

त्यांना न्यायच्या आधी आंघोळ घालताना दादानं कळकाच्या पट्ट्या सोडल्या. तो हात मी पाहिला. सुजलेला, पण सरळ.

आईला कुणाला तरी धरायला हवं होतं. मोटारीला धरून काय करणार, ती तर पोट होती. शेजारच्या बायकांपैकी कुणी म्हणालं, त्या हाडवाल्यानं कसला पाला बांधला होता कोण जाणे. बस्स. आईनं ते उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं नाही. दहाव्याच्या दिवशी ज्ञानू आबा वरकुट्याहून आले. उपरणं हातात घेऊन दाराबाहेर उभे राहिले. आई आतून म्हणाली, "तुमी माझ्या दारात येऊ नका. तुमच्या हातानं माझा धनी गेला." माणसं बसलेली होती.  'दवाखान्यात जा म्हणून मी सांगितलं होतं,' एवढंसुद्धा आबा बोलले नाहीत. दादा तिथंच होता. मीही होते. आबांनी दारालाच हात जोडले आणि ते वळून गेले.

त्याच संध्याकाळी मी शेडमध्ये दादाला गाठलं. म्हटलं, आईला सगळं सांगते, त्या म्हाताऱ्यावर कशाला. दादा मोटारीच्या पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "दांडी मी वर केली न्हवती, कमळे. शिटावर मी हुतो. तात्यांना ठावं हुतं. त्यांनी कुणाला सांगितलं न्हाय." मग म्हणाला, "तू सांगितलंस तर मलाबी सांगावं लागंल. आई आपल्या दोघांचं तोंड बघायची न्हाय. आन तिला आता आपल्याबिगार कोण हाय?" मी त्याच्याशेजारी बसले. आम्ही काही शपथ वगैरे घेतली नाही. नुसते उठलो नि जेवायला गेलो.

दादानं सर्व्हिस चालवली. वरकुट्याच्या फाट्यावरून तो रोज दोनदा जायचा. मागच्या बाकावर लोक बोलायचे, त्या आबाकडं जाऊ नका, त्याच्या पट्टीनं सर्व्हिसवाले तात्या गेले. दादानं हे मला सांगितलं तेव्हा तो दुसरीकडं बघत होता. हळूहळू माणसं मोडलेली हाडं घेऊन दुसऱ्या गावाला जायला लागली.

मला इंदापुरातच दिलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, मुलगा कडेवर घेऊन, सासूला देवदर्शनाचं सांगून मी वरकुट्याला गेले. फाट्यावर उतरून चालत. ज्ञानू आबा दारात बसून मेंढीच्या लोकरीचं सूत काढत होते. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळख सांगितली तर उठून घोंगडी अंथरली, पोराला गूळ दिला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कंडेन्सर त्यांना कळला नसावा, पण डबी माझ्या पिशवीत होती आणि मी बोलले नाही, हे कळलं. दांडीचंही सांगितलं. म्हटलं, आबा, तुमच्यावर आलेलं आमचं होतं.

त्यांनी सूत बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता बोलतील, जा म्हणतील. ते म्हणाले, "एवढं सांग, पोरी. पट्ट्या सोडल्या तवा हाड सरळ हुतं का?"

"सरळ होतं," मी म्हटलं. "मी बघितलं."

"मनगटापाशी फुगवटा?"

"नव्हता."

त्यांनी मान डोलावली. दोन वर्षं ते हाच विचार करत बसले असणार. मग ते पोराकडं वळले, त्याचे पाय हातात घेऊन गुडघे वाकवून बघितले आणि म्हणाले, चांगले हायत. मला त्यांनी फाट्यापर्यंत पोचवलं. कुणाला सांग असंही म्हणाले नाहीत, सांगू नको असंही नाही. पुढच्या थंडीत ते गेल्याचं दादाकडून कळलं.

आईला मी सांगितलं नाही. ती त्यानंतर खूप वर्षं जगली, शेवटची काही माझ्याकडंच होती. वरकुट्याचं नाव निघालं की ती अजून तळतळाट द्यायची, आबा जाऊन किती काळ लोटला तरी. मी शेजारी बसून भाजी निवडत असायची, आणि तिचं बोलून संपेपर्यंत मान वर करायची नाही.